भाजक अण्णा

अण्णांना नुसती टक्केवारी सहन होत नसे. गणित येत नव्हतं म्हणून नव्हे. चामराजपेटेतल्या एका शाळेत त्यांनी तेहतीस वर्षं गणितच शिकवलं होतं. पण कुणी टक्के सांगितले की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि अगदी शांतपणे विचारत, "भाजक काय?" जाहिरातीत दहापैकी नऊ डॉक्टर काही सांगू लागले तर अण्णा टीव्हीला विचारत, "कुठले दहा?" आमच्या मॅनेजरनी एकदा सोमवारच्या बैठकीत ऐंशी टक्के काम झाल्याचं जाहीर केलं. अण्णांनी विचारलं, कशाच्या ऐंशी टक्के? एकूण कामाच्या, असं उत्तर आलं. तेव्हा अण्णा म्हणाले, "एकूण म्हणजे आपल्याला ठाऊक आहे तेवढं, की खरोखर आहे तेवढं?" पुढच्या सोमवारपासून मॅनेजर नुसतं "बरंच झालंय" म्हणू लागले. त्या बैठकीनंतरच मी त्यांचं नाव भाजक अण्णा ठेवलं. चेष्टेनं ठेवलं होतं, हे आधीच कबूल करतो. त्या काळात मी जे काही करत असे ते चेष्टेनं तरी करत असे, नाहीतर घाईनं.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत कामाला होतो. कंपनी म्हणजे एक तीन मजली बंगला. खाली झोपाळा, वर चाळीस माणसं आणि प्रत्येकाच्या पुढ्यात दोन पडदे. एका राज्याच्या शाळांना श्रेणी देण्याचं काम आम्हाला मिळालं होतं. राज्याचं नाव सांगता येत नाही, कारण तशा कागदावर माझी सही घेतलेली आहे. एवढंच सांगतो की ते दूर आहे आणि तिथली माणसं हिंदी बोलतात. तिसरी, पाचवी आणि आठवीतल्या मुलांची परीक्षा व्हायची, गुण आमच्याकडे यायचे आणि आमचा प्रोग्रॅम प्रत्येक शाळेला अ, ब, क किंवा ड असं एक अक्षर द्यायचा. ड आलेल्या लहान शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत विलीन होणार होत्या. प्रोग्रॅम मी लिहिला होता. पुण्याला आईशी फोनवर बोलताना "हजारो शाळांचं भवितव्य माझ्या हातात आहे" असं एक वाक्य मी वापरल्याचं मला चांगलं आठवतं. आईनं विचारलं होतं, जेवलास का.

अण्णा आमच्याकडे आले ते करारातल्या एका अटीमुळे. गटात शाळेत काम केलेला एक तरी माणूस हवा, असं त्यात लिहिलं होतं. आम्ही सगळे शाळेत गेलेलो होतो, पण तेवढं पुरेसं धरलं जात नव्हतं. म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं निवृत्त झालेले अण्णा वर्षभरासाठी सल्लागार म्हणून आले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. चामराजपेटेहून दोन बस बदलून येत. सिल्क बोर्डाच्या चौकात बस अडकली की बसल्या जागी आमचे कागद तपासत. तमिळ, मल्याळी, बंगाली, झाडून सगळे त्यांना अण्णाच म्हणत. त्यांना मराठी येतं हे कळल्यावर मला आनंद झाला आणि लगेच मी त्यांचं मराठी सुधारायला घेतलं.

त्यांचं घराणं बेंगळुरूत येऊन चारशे वर्षं झाली होती. मला येऊन चौदा महिने. तरी एकदा ते "स्वल्प थांबा" म्हणाले तेव्हा मी त्यांना सांगितलं की हा कानडी शब्द झाला, मराठीत आपण थोडं म्हणतो. अण्णांनी चष्मा वर सरकवला.

"सरी, बरं," ते म्हणाले. "मग स्वल्पविरामाला पुण्यात थोडाविराम म्हणतात का?"

मी हसलो, म्हणजे हसल्यासारखं केलं. नंतर जागेवर जाऊन शब्दकोश पाहिला. त्यानंतर मी त्यांच्या मराठीच्या वाटेला गेलो नाही, पण माझ्या गणिताविषयीचा भ्रम तसाच राहिला.

श्रेणी काढायची रीत फार अवघड नव्हती. अपेक्षित पातळी गाठलेली मुलं किती हे बघायचं आणि परीक्षेला बसायला हवीत अशा मुलांच्या संख्येनं त्याला भागायचं. गेल्या वर्षीपेक्षा सुधारणा किती झाली याचे काही गुण वेगळे होते, पण लहान शाळांत दोन वर्षांची तुलना भरवशाची ठरत नाही म्हणून तिथं तो भाग लागू नव्हता. पन्नासच्या खाली आलं की ड. माझा प्रोग्रॅम साऱ्या राज्याच्या श्रेणी चहा निवायच्या आत काढत असे. अण्णा रोज एक शाळा काढत. सकाळी आल्यावर यादीतली कुठलीही एक शाळा निवडायची, तिच्या मुलांची यादी छापून घ्यायची आणि पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं सगळा हिशेब करायचा. मुलांची नावं आमच्याकडे नसत, नुसते लांबलचक क्रमांक असत. अण्णा त्या क्रमांकांच्या पुढे पेन्सिलीनं टिपणं करत: हा भाषेत बरा, गणितात घसरला, ही सगळ्यात एकसारखी. मी त्यांना एकदा समजावलं की या गतीनं सगळ्या शाळा तपासायला त्यांना आणखी काही जन्म लागतील. "होय की," अण्णा म्हणाले, "म्हणून तर रोज एक."

एक नियम त्यांना फार पटला होता. पटावरचं मूल परीक्षेला बसलं नाही तर त्याला शून्य धरायचं आणि भाजकात मोजायचं. आमच्यातल्या पोरांना तो नियम क्रूर वाटायचा. अण्णा म्हणाले, असा नियम नसेल तर शाळा कच्च्या मुलांना परीक्षेच्या दिवशी घरी बसवतील आणि टक्केवारी वर नेतील. मूल परगावी गेलं असेल तर सवलत होती: मुख्याध्यापकानं यादीतल्या शेऱ्यात तसं लिहायचं, ते शेरे आमच्याकडून खात्याकडे जायचे, मग खात्यानं त्याच्याकडे दुसऱ्या शाळेतल्या प्रवेशाचा पुरावा मागायचा, तो मिळाला की ते नाव भाजकातून काढायचं. नियम चांगला विचार करून केलेला होता. तो बिघडवायला माझ्यासारखा माणूस लागला.

शेऱ्यांचा रकाना मला आवडत नसे. बाकी सगळ्या रकान्यांत आकडे, आणि या एकातच माणसांनी मनाला येईल ते लिहिलेलं. कुठं "ठीक", कुठं नुसती रेघ, कुठं वाढदिवसाची तारीख, एका ठिकाणी तर शाळेच्या छपराला भोक पडल्याची तक्रार. फाइल जड होत होती, मुदत जवळ आली होती. एका शुक्रवारी मी तो रकाना काढून टाकला आणि प्रोग्रॅम पहिल्यापेक्षा किती वेगानं चालतो ते सगळ्यांना दाखवलं. टाळ्या मिळाल्या. अण्णांनी बैठक संपल्यावर माझ्याजवळ येऊन विचारलं, शेरे कुठं गेले. मी म्हणालो, त्यात कचरा होता. त्यांनी पुन्हा विचारलं, वाचून पाहिले का. मी म्हणालो, नमुन्यादाखल पाहिले. किती पाहिले आणि कितीपैकी, हे त्यांनी विचारायच्या आत मी कानांत हेडफोन घातले. त्यांनी नंतर त्याबद्दल एक लेखी टिपणही दिलं. ते मी "नंतर बघू" या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं. त्या फोल्डरमधलं काहीही मी आजवर नंतर बघितलेलं नाही.

जूनच्या सुरुवातीला श्रेणी जाहीर झाल्या. ऑफिसात केक कापला. हरकती घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती आणि हरकतींचे अर्ज आमच्याकडेच येत. बहुतेक अर्ज ठराविक होते. अण्णांनी त्यातला एक वेगळा काढला. डोंगराकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकानं हातानं लिहून, त्याचा फोटो काढून पाठवला होता. त्याच्या शाळेला ड मिळाला होता. त्यानं लिहिलं होतं की परीक्षेच्या वर्गांत छत्तीस मुलं पटावर आहेत, त्यातली अकरा मुलं आईवडिलांबरोबर बांधकामावर गेली आहेत, तसं मी प्रत्येकाच्या शेऱ्यात लिहिलं होतं, पण मला पुरावा कुणी मागितलाच नाही. आता शाळा विलीन होणार आहे आणि ती मोठी शाळा नदीच्या पलीकडे आहे. पावसात पूल पाण्याखाली जातो. हे शेवटचं वाक्य त्यानं अधोरेखित केलं नव्हतं. अण्णांनी केलं.

त्यांनी तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. पेन्सिलीनं पंधरा लिहिलं, खाली छत्तीस. बेचाळीसला जरा कमी. मग पंधराच्या खाली पंचवीस लिहिलं. साठ. "पंधरा मुलं तीच," ते म्हणाले. मला ओरडा मिळाला असता तर बरं वाटलं असतं. मी जुनी फाइल उघडली, शेऱ्यांचा रकाना बाहेर काढला. अकरा मुलांपुढे एकसारखं, नीट टाइप केलेलं होतं: मातापिता के साथ बाहर गया. मातापिता के साथ बाहर गई. त्यातल्या सात जणांपुढे गावाचं नावही होतं. बेंगळुरू.

असे अर्ज आणखीही निघाले, आणि राज्याला सांगून त्या सगळ्या शाळांना पुरावा द्यायची संधी द्यावी लागली. पण मुदत वाढवून मिळाली नाही. बाकीच्या मुख्याध्यापकांना मुलं कुठं आहेत ते माहीत होतं, त्यांनी कागद मिळवले. या मुख्याध्यापकाची मुलं मात्र कुठल्याच शाळेत नव्हती. अण्णांनी त्याला सरळ फोन केला. हे करारात बसत नव्हतं. शाळांशी आम्ही परस्पर बोलायचं नाही, असं त्यात स्पष्ट होतं. मी तसं म्हणालोही. अण्णांनी माझ्याकडे बघत बघतच नंबर फिरवला आणि आपल्या मोडक्या हिंदीत अर्धा तास बोलून दोन मुलांच्या वडिलांचे मोबाइल नंबर घेतले. नियम त्यांनी पुन्हा वाचला. पुरावा हरकतीच्या मुदतीत जोडावा, असं होतं. प्रवेश कधीपासूनचा असावा हे कुणी लिहिलंच नव्हतं. "म्हणजे आज घातलं तरी चालतंय," अण्णा म्हणाले. मला वाटलं ते पळवाटेबद्दल बोलताहेत. ते मुलांबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बरोबर घेतलं. जे. पी. नगरच्या पलीकडे, नकाशात अजून तळं दाखवतात अशा ठिकाणी चार उंच इमारती वर चढत होत्या आणि त्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा होत्या. मी फिकट निळे बूट घालून गेलो होतो. दारावरच्या रखवालदाराशी अण्णा कानडीत बोलले, आत गेल्यावर हिंदीत, मध्येच माझ्याशी मराठीत, आणि कुठल्याच भाषेत त्यांनी घाई केली नाही. मुलं पाइपांच्या ढिगाऱ्यावर बसली होती. अण्णा त्यांच्यासमोर विटांवर बसले, पिशवीतून यादी काढली आणि म्हणाले, नावं सांगा, माझ्याकडे नुसते नंबर आहेत. एकेका क्रमांकापुढे त्यांनी नाव लिहिलं. मी वर्षभर त्या क्रमांकांची बेरीज, वजाबाकी आणि भागाकार करत होतो. त्यातला एक क्रमांक सर्दी झालेला होता आणि एकाला माझे बूट फार आवडले होते.

जवळच एक सरकारी शाळा होती. तिथल्या मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या हेडमिस, सुरुवातीला नाखूष दिसल्या, कारण मुलांकडे जुन्या शाळेचा दाखला नव्हता आणि त्यांना कानडी येत नव्हतं. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही हे अण्णांना ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. अण्णांनी कायद्याचं नावही काढलं नाही. दर शनिवारी दुपारी येऊन मी या मुलांना कानडी शिकवतो, एवढंच म्हणाले. हेडमिसनी रजिस्टर उघडलं. तीन दिवसांत सहा मुलांचे प्रवेश झाले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी प्रवेशाचे सहा दाखले स्कॅन करून मी हरकतीला जोडले. छत्तीसातून सहा गेले, तीस राहिले. तीसात पंधरा म्हणजे बरोबर पन्नास. शाळेला क मिळाला. विलीनीकरण रद्द झालं.

सातांतली शेवटची मुलगी राहिली होती. तिचं नाव चंदा, पाचवीची. तिला दोन वर्षांचा भाऊ होता, आईवडील दोघंही वर कामाला जात आणि भावाला सांभाळायला तीच. वडिलांनी आम्हाला दोनदा नाही म्हणून सांगितलं होतं. आपण जिंकलो असं मला वाटत होतं. मी उत्साहानं अण्णांना म्हणालो की सहा पुरे झाले, सातवीनं काही फरक पडत नाही, एकावन्न होतील नाहीतर बावन्न, श्रेणी तीच राहणार.

"भागाकार पुरा झाला," अण्णा म्हणाले. "पोरगी बाहेरच आहे अजून."

आणि ते पिशवी उचलून बसस्टॉपकडे निघाले. मी मागोमाग गेलो. गेलो म्हणजे, आधी जागेवर बसून मी का जाऊ नये याची तीन कारणं शोधली आणि मग पळत जाऊन त्यांना गाठलं. बसमध्ये त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या शाळेत तपासणी होणार होती. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सातच्या पुढचे पाढे येत नसत. अण्णांनी त्याला आदल्या दिवशी सांगितलं, उद्या येऊ नको. वर्गाचा निकाल उत्तम लागला, साहेबांनी पाठ थोपटली. मुलगा परवाही आला नाही, तेरवाही आला नाही. अण्णा घरी गेले तर बाप म्हणाला, मास्तरांनीच येऊ नको म्हटलंय ना. तो पुढे कधीच आला नाही. हे सांगताना अण्णा खिडकीबाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "निकालात तो नव्हताच, मग कुणी विचारणार कसं? तेव्हापासून मी विचारतो."

त्यांचा तो प्रश्न मला इतके दिवस म्हाताऱ्या माणसाची सवय वाटत होता. मी त्याची नक्कल करून पार्टीत लोकांना हसवलं होतं. बस चौकात अडकून राहिली होती आणि मला कुठंही उतरता येत नव्हतं.

चंदाच्या वडिलांशी त्या दिवशी अण्णा काय बोलले ते मी सगळं ऐकलं नाही, कारण तिच्या भावाला मी धरून ठेवावं असं ठरलं आणि त्या कामात माझी पूर्ण शक्ती खर्ची पडली. शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती. भावाला तिथं बसवायचं, मधल्या सुट्टीत चंदानं बघून यायचं, असा तोडगा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा स्वतः दोघांना घेऊन गेले. तिचा दाखला हरकतीला जोडता आला नाही, मुदत संपली होती. कुठल्याच आकड्यात त्यानं काही बदललं नाही. परत येताना अण्णा मला म्हणाले, "चल, कॉफी पिऊ." तोवर ते मला अहोजाहो करत. त्यांनी अरेतुरे केल्यावर मला बढती मिळाल्यासारखं वाटलं. आठवड्याभरात मी त्या बढतीला लायक नाही हे सिद्ध केलं.

राज्याकडून चौकशी आली. शेरे का वगळले, आणि शाळेला परस्पर फोन कुणी केला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, "तांत्रिक कारणामुळे शेऱ्यांचा रकाना वगळला गेला." कर्मणी प्रयोग शाळेत मला कधी नीट कळला नव्हता, त्या दिवशी त्याचा उपयोग कळला. दुसऱ्या प्रश्नासाठी बैठक बोलावली. फोन कुणी केला, असं मॅनेजरनी विचारलं तेव्हा मी पडद्यावर काहीतरी महत्त्वाचं वाचत होतो. पडदा बंद होता. अण्णा म्हणाले, मी केला. टिपण दिलं होतं, ते कुणी वाचलं नाही, रकाना कुणी काढला, यातलं काहीही ते बोलले नाहीत. एकदा माझ्याकडे बघितलं, वर्गात मागच्या बाकावर बोलणाऱ्या मुलाकडे बघतात तितकंच. त्यांचं वर्ष संपायला दोन महिने होते. ते तिथंच संपवलं गेलं. पाहा, पुन्हा कर्मणी प्रयोग. मॅनेजरनी संपवलं, आणि मी संपवू दिलं.

जाताना त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला. माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ते म्हणाले, शनिवारी मोकळा असलास तर ये, मुलं विचारतात. मी नक्की येतो म्हणालो. पहिल्या शनिवारी काम होतं. दुसऱ्या शनिवारीही होतं. मग मला त्यांच्यासमोर जायची लाज वाटू लागली, आणि लाज वाटते म्हणून न जाणं आणि न गेल्याची लाज वाटणं, हे एकमेकांना धरून दीड वर्ष चाललं. मी फोनवर दोनदा बोललो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या कामाची चौकशी केली आणि दोन्ही वेळा मी, सगळं छान चाललंय, असं सांगितलं.

जानेवारीत ते गेले. झोपेतच गेले, असं ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं. मी तेराव्या दिवशी चामराजपेटेत त्यांच्या घरी गेलो. अरुंद जिना, वर दोन खोल्या, माणसांची गर्दी. अण्णांच्या पत्नींना सगळी पेठ अक्का म्हणे. मी नाव सांगताच त्या उठल्या, माझा हात धरून मला पुढे नेलं आणि जमलेल्या नातेवाइकांना म्हणाल्या, "हेच ते मंदार. त्या शाळेची चूक यांनीच शोधून काढली." माणसं सरकली, मला भिंतीकडेची चांगली जागा दिली. एक काका माझ्या हाताला हात लावून म्हणाले, अण्णा फार सांगायचे तुमच्याबद्दल. माझ्या पानात लाडू वाढला गेला. कंपनीत मी फार सोप्या गोष्टी बोलायच्या टाळल्या होत्या. इथं चाळीस अनोळखी माणसं माझं कौतुक करत होती आणि गप्प बसणं आणखीच सोपं होतं.

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात अक्कांना गाठलं आणि सांगितलं की चूक मी शोधली नव्हती. चूक मी केली होती. अण्णांनी दाखवली, तरी मी ऐकलं नाही, आणि त्यांना जावं लागलं तेव्हाही मी गप्प बसलो. सगळं एका दमात सांगून टाकलं. कर्ता प्रत्येक वाक्यात होता.

अक्कांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "ठाऊक आहे आम्हाला," त्या म्हणाल्या. "ते म्हणायचे, चुकलेल्या मुलाला चारचौघांत नावं ठेवली की तो दुसऱ्या दिवशी वर्गात येत नाही."

मग त्यांनी विचारलं, शनिवारी काय करता. मी म्हणालो, काही नाही. त्यांनी आतून ती कापडी पिशवी आणून माझ्या हातात दिली. दोन शनिवार झाले, मुलं वाट बघत असतील, एवढंच म्हणाल्या.

त्या शनिवारी मी गेलो. आठवडाभर तयारी केली होती, कानडी शिकवणं मला जमणारं नव्हतं म्हणून लॅपटॉपवर अपूर्णांकांची रंगीत चित्रं काढली होती. पत्र्याच्या खोल्यांमागे मोकळ्या जागेत पंधरावीस मुलं बसली होती. सातांची एवढी कधी झाली ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. चंदा आता सहावीत होती आणि माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं कानडी बोलत होती. मी स्वतःचं नाव सांगितलं, खडू घेतला आणि भिंतीला टेकवलेल्या फळीवर पहिला अपूर्णांक लिहिला. कुणी वही उघडेना. मी पुन्हा समजावलं, जरा मोठ्यानं. तरी सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

मग चंदा उभी राहिली. अण्णा असं सुरू करत नसत, म्हणाली. आधी कोण आलं नाही ते विचारायचे.

मी विचारलं. दोघं नव्हती, एक झोपला होता आणि एक रुसून बसली होती. मुलं पुढं काय करायचं ते माहीत असल्यासारखी मजेत बसून राहिली. मी खडू फळीच्या कडेवर ठेवला, हात झटकले आणि खोल्यांच्या रांगेतून त्या दोघांना हाका मारत निघालो.